मैत्रिणीच्या भावाचं लग्न, अज्जींची इरकल आणि गालावर उठलेल्या रेघा: सल्ला हवाय

पहिलं गेट | १९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण दोन्ही एकाच लग्नाचे, म्हणून एकच धागा काढते.

१० डिसेंबरला माझ्या मैत्रिणीच्या थोरल्या भावाचं लग्न आहे, चिकोडीजवळ. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावरच्या. तिच्या घरी कानडी, माझ्या घरी मराठी. तिच्या अज्जी मला पहिल्यापासून घरचीच समजतात. नवऱ्या मुलाला सख्खी बहीण एकच, तेव्हा "करवली म्हणून तुम्ही दोघी उभ्या राहायचं" असं त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं. एवढा मान मिळाला म्हणून मी तेव्हापासूनच चेहऱ्याची काळजी घ्यायला लागले. गार दगडाचा रोलर घेतला, चेहऱ्यावर फिरवायची गुआ शाची पट्टी घेतली, चेहरा धुवायचा सिलिकॉनचा ब्रश घेतला. त्यानं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते परवा रविवारी. ऑनलाइन मागवलेला ५४० सुयांचा डर्मा रोलर पहिल्यांदा फिरवला. सुई ०.५ मिलिमीटर. जुने मुरमांचे डाग जातील अशी आशा होती. त्यावर लगेच व्हिटॅमिन सी सीरम लावलं, कारण "आत मुरतं" असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. लावल्या लावल्या आग आग. सकाळी गाल लालबुंद. आज तिसऱ्या दिवशी रोलर जसा फिरला तशा दोन्ही गालांवर तपकिरी रेघा उठल्यात आणि हाताला खरखर लागतंय. आई म्हणते हळद-साय लाव. शेजारच्या काकू म्हणतात मेडिकलमधून गोरं करायची ट्यूब आण. मी अजून काहीच लावलेलं नाही. काल रात्री खूप रडले, खरं सांगते.

दुसरा प्रश्न साडीचा. अज्जींनी त्यांची स्वतःची डाळिंबी इरकल मला नेसायला काढून ठेवलीय. नऊवारी आहे, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला त्यांना माहेरून आलेली. इतकी वर्षं ट्रंकेत होती. ती नेसताना घडीवर चिरली तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? ब्लाउज कसला शिवू, दागिने काय घालू, तेही सांगा.

जांबोटी | १९ नोव्हेंबर, रात्री १०.३२

आधी रडू नको गे. हळद नको, साय नको आणि ती ट्यूब तर मुळीच नको. त्वचेच्या डॉक्टर मलप्रभाताई येईपर्यंत फक्त गार पाण्यानं तोंड धू.

खडेबाजार | १९ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मी वर्षभर डर्मा रोलर वापरतेय, मला कधी काही झालं नाही. सुईची लांबी ०.२५ आहे. एवढं घाबरण्यासारखं नसावं, एक-दोन दिवसांत उतरेल. तू बहुतेक जोर जास्त दिला असशील.

मलप्रभा | २० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी खानापूर भागात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. पहिलं गेट, नीट वाच, कारण लग्नाच्या मोसमात अशा मुली माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

चेहऱ्यावरच्या कातडीचा वरचा थर मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका पातळ असतो. ०.५ ची सुई तो ओलांडून खालच्या, रक्तवाहिन्या असलेल्या थरात जाते. हे काम आम्ही दवाखान्यात करतो, तेव्हा चेहरा निर्जंतुक केलेला असतो, सुया त्याच वेळी पाकिटातून काढलेल्या असतात आणि नंतर काय लावायचं तेही ठरलेलं असतं. खडेबाजार यांची ०.२५ ची सुई खूपच वरवर राहते, त्यामुळे त्यांचा अनुभव खरा असला तरी तो इथे लागू होत नाही. तुझ्या रोलरने शेकडो बारीक भोकं पाडली आणि त्यावर तू व्हिटॅमिन सी ओतलंस. ही सीरमं आम्लधर्मी असतात, बऱ्याचशांचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो. अखंड कातडीला ते चालतं, भोकं पडलेल्या कातडीला पोळतं.

आता त्या रेघा. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला इजा झाली की ती रंगद्रव्य जास्त तयार करते. जखम भरते, पण डाग मागे राहतो आणि तो जायला काही आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून १० डिसेंबरपर्यंत डाग पूर्ण जातील असं मी सांगणार नाही. लाली आणि खरखर मात्र आठवडा-दहा दिवसांत नक्की उतरावी.

सध्या एवढंच कर. दिवसातून दोनदा साबण नसलेल्या सौम्य क्लीन्झरनं आणि कोमट-गार पाण्यानं धू. गीझरचं कढत पाणी तोंडाला लावू नकोस. ओलसर चेहऱ्यावरच वास नसलेलं मॉइश्चरायझर, रात्री खरखरीत जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. डिसेंबरात आपल्याकडचा वारा किती कोरडा असतो ते तुला सांगायला नको, तेव्हा बाहेर जाताना रुमाल बांध. कातडी बंद झाली, म्हणजे आग पूर्ण थांबली, की झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सुरू कर, किमान एसपीएफ ३०. दोन बोटांच्या लांबीइतकं काढायचं, चेहरा आणि मान मिळून. ऊन लागलं तर ह्या रेघा काळ्या पडतील. बाकी सगळं, स्क्रब, ब्लीच, फेशियल, सीरम, रेटिनॉल, कपाटात. गार रोलर आणि गुआ शासुद्धा सध्या नको, कारण घासणं म्हणजे पुन्हा इजा.

पू दिसला, सूज वाढली, पाण्याचे फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, माझ्या उत्तराची वाट बघू नकोस.

काकूंच्या ट्यूबबद्दल. त्यांत बहुतेक तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड. चार दिवस चेहरा चकाकतो, म्हणून लोक महिनोन्‌महिने लावतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. २०१८ साली अशी कितीतरी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. तरी ती काउंटरवरून हातात पडतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आणि एक विचारायचं राहिलं. तो रोलर आणखी कुणी वापरला का?

पहिलं गेट | २० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

ताई, खूप खूप आभार. माझ्या मावसबहिणीनं मागितला होता, अजून दिला नव्हता. पू नाही, ताप नाही. आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तिला पटलं.

मलप्रभा | २० नोव्हेंबर, दुपारी १.२०

देऊ नकोस. त्या सुयांना रक्त लागतं, आणि हेपटायटिस बी सारखे आजार रक्तातूनही पसरतात. अगदी सख्ख्या बहिणींनीही एक रोलर वापरू नये. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून, बाटली बंद करून टाक. कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या हाताला सुई लागता कामा नये.

हिरण्यकेशी | २० नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

ह्याच निमित्तानं विचारते. माझ्या नणंदेचं लग्न माघात आहे, संकेश्वरला. आम्ही वाफेचं मशीन आणि एलईडी मास्क घ्यायचा विचार करतोय. आणि ते ब्लॅकहेड ओढायचं व्हॅक्यूम?

मलप्रभा | २० नोव्हेंबर, रात्री ९.३०

व्हॅक्यूम नको. जास्त ओढलं की नाकाजवळच्या बारीक शिरा फुटतात, काळेनिळे ठसे राहतात. वाफ पाच मिनिटं, तोंड दूर ठेवून, आठवड्यातून एकदा ठीक. पण नणंदेला वांग असतील तर वाफ नकोच, उष्णतेनं ते वाढतात. एलईडीच्या लाल दिव्याचा, साधारण ६३० नॅनोमीटरचा, थोडाफार उपयोग होतो, पण आठवड्यातून तीन-चार वेळा, कित्येक आठवडे, आणि डोळ्यांवर संरक्षण घालून. माघापर्यंत वेळ आहे म्हणून हो म्हणते. घेतलाच तर आजच सुरू करा.

गुआ शा, गार रोलर ह्यांचं काम एवढंच की सकाळची सूज तात्पुरती उतरते. तेलाचा हात लावून, हलक्या हातानं, मधून कानाकडे आणि मग मानेवरून खाली. त्यानं जबड्याचा आकार बदलत नाही. पण पहाटे चारला उठून वाड्यात जायचं असेल तर डोळ्यांखाली दोन मिनिटं गार रोलर खरंच बरा वाटतो, मी स्वतः वापरते.

हत्तरगी टोल | २० नोव्हेंबर, रात्री १०.०५

बहिणीच्या वतीनं विचारतोय. चेहऱ्यावर रेझर फिरवला की केस राठ येतात म्हणतात, खरं का?

मलप्रभा | २० नोव्हेंबर, रात्री १०.२०

नाही. कापल्यामुळे टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं, मुळात केस तोच असतो. नवं पातं, चेहरा कोरडा नको, किंचित ओला हवा, लव ज्या दिशेला आहे त्याच दिशेनं. लग्नाआधी निदान तीन-चार दिवस.

शहापूरचा माग | २१ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

साडीबद्दल मी लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या माग आहे. बेळगावचं आमचं शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि कॅम्प इंग्रजांचा, तेव्हापासून आमच्या गल्लीत, वडगावात, खासबागेत मागाचा आवाज आहे. आम्ही इरकल विणत नाही, ती बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. पण जुन्या साड्या दुरुस्तीला येतात, त्यामुळे हाताला ओळखीची आहे.

इरकलीचं वैशिष्ट्य तिच्या जोडात आहे. अंगाचा ताणा बहुतेक सुती आणि पदराचा रेशमी. हे दोन ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला टोप तेनी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक साडीचा ताणा वेगळा लावावा लागतो, एका लांबलचक ताण्यावर दहा साड्या काढता येत नाहीत. पहिलं गेट, तुझ्या अज्जींच्या साडीत पदर जिथे सुरू होतो तिथे ही जोडओळ दिसेल. पहिली तपासणी तिथेच करायची, कारण जुन्या साडीत सुती आणि रेशमी धागा सारख्या वेगानं झिजत नाहीत.

दिवसा, खिडकीजवळ, पांढऱ्या चादरीवर साडी पूर्ण उलगड. एकटीनं नको, दोघी हव्यात. उजेडासमोर धरून घड्या बघ. घडीवर धागे तुटके दिसले तर ती जागा निऱ्यांच्या आत जाईल अशी नेसता येते का ते आधी ठरव. चिरलेलं असेल तर मागच्या बाजूनं त्याच रंगाच्या मऊ सुती कापडाची पट्टी बारीक टाक्यांनी लावून घे. चिकटवायची इस्त्रीची पट्टी लावू नकोस, ती रेशीम कडक करते आणि शेजारी नवी चीर पडते. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेव, उन्हात नाही. पाण्यानं धुवू नकोस. पदराचा लाल रंग जातो का ते बघायला ओल्या पांढऱ्या कापडानं आतला कोपरा दाबून बघ. इस्त्री करायचीच तर मध्ये मलमल ठेवून, कमी आचेवर.

पिना शक्य तितक्या कमी. लावशील तिथे कापड दुमडून दोन-तीन पदरांतून घे आणि पिनेच्या गोलात एक मणी घाल, म्हणजे धागा त्या वळणात अडकून ओढला जात नाही. अत्तर आणि फवारा साडी नेसायच्या आधी, अंगाला. जरीवर उडालं तर काळवंडते.

काठ कुठला आहे? गोमी की परास? आणि पदरावर काय आहे ते लिही.

पहिलं गेट | २३ नोव्हेंबर, रात्री ९.००

काका, आज चिकोडीला जाऊन साडी उलगडली. मैत्रीण, तिची आई आणि मी. अज्जी खुर्चीवर बसून सांगत होत्या. काठ गोमी. पदर लाल, त्यावर पांढऱ्यात किल्ल्याच्या तटासारखे दाते आणि मध्ये फणीच्या दातांसारख्या रेघा. अज्जी बोट ठेवून म्हणाल्या, हे कोटी कम्मळी, हे हणिगी. जोडओळ तुम्ही म्हणालात तशीच हाताला लागली. एका घडीवर चार बोटं लांबीची चीर आहे, पण ती निऱ्यांत जाते. आणि कडेला कसूतीच्या भरतकामाचं एक गोपुर आहे, ते अज्जींच्या आईनं काढलेलं. मागून बघितलं तर पुढच्यासारखंच, गाठ कुठे दिसतच नाही.

अज्जींनी माझा चेहरा बघितला. काही विचारलं नाहीत, फक्त हनुवटीला हात लावला.

चेहरा: आग थांबली, खरखर निम्मी. रेघा आहेत.

इंद्रायणी तांदूळ | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

ते कसूतीत गवंती टाका असतो ना, तो दोन्हीकडून सारखा दिसतो. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार. माझी आई धारवाडची, ती सुरुवातीलाही गाठ मारत नसे. तुझ्याकडे ठेवा आहे गे, जपून नेस.

ब्लाउजला गुळेदगुड्डचा खण घे. मोरपंखी किंवा काळपट हिरवा, डाळिंबीवर सुंदर दिसेल. खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा कापडाच्या दुकानात जायच्या आधी शिंप्याला किती खण लागतील ते विचार, नाहीतर बाह्यांना कापड पुरत नाही. खणाचा काठ बाहीवर यायला हवा.

दागिने थोडेच घाल. ठुशी, बोरमाळ, कानात बुगड्या, हातात हिरव्या बांगड्यांच्या पुढे-मागे पाटल्या. नथ दाबाची असली तर घरी दोनदा तासभर घालून बघ. कोल्हापुरी साज मला फार आवडतो, पण ह्या पदरावर साज घातलास तर पदर कुणी बघणार नाही आणि इथे बघायचा तो पदरच आहे.

जांबोटी | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

खोटे दागिने घालणार असशील तर निकेलचं बघ. माझ्या मानेला एका हळदीत पुरळ उठली होती. आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दे. आणि चिकटपट्टीच्या टिकलीऐवजी कुंकू लाव. तुझी कातडी सध्या नाजूक आहे.

मलप्रभा | २४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

जांबोटी, बरोबर सांगितलंत. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनानं कपाळावर पांढरा डागही पडू शकतो, मी तो बघितलाय.

पहिलं गेट, हळदीच्या दिवशीचं आत्ताच ठरव. करवली म्हटल्यावर सगळ्या बायका तुला माखणार. चेहऱ्याला नको, हातापायांना लावा असं मैत्रिणीच्या आईला आधीच सांगून ठेव. वाटणात लिंबू पिळलेलं असेल तर हातापायांवरही उन्हात बसू नकोस, लिंबाचा रस आणि ऊन मिळून भाजल्यासारखे डाग पडतात. मेंदी कोनातली काळी मेंदी नको. साधी मेंदी दोन दिवस आधी काढ, ती दुसऱ्या दिवशी गडद होते.

खडेबाजार | २ डिसेंबर, रात्री १०.००

मी इथे जोर दिला असशील म्हणाले होते, ते चुकलं माझं. मलाही सुईच्या लांबीतला फरक माहीत नव्हता. मी मेकअपची कामं करते, तेवढं तरी सांगते. तपकिरी रेघांवर थेट फाउंडेशन घातलंस तर राखाडी दिसतं. आधी पीच रंगाचा करेक्टर, फक्त रेघेवर, बोटानं थापून. घासायचं नाही. त्यावर तुझ्या मानेच्या रंगाचं फाउंडेशन, चेहऱ्याच्या नाही. पावडर कमी, थंडीत ती फुटते. ह्या आठवड्यात एकदा जबड्यावर लावून बघ आणि दिवसभर ठेव. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा काही लावायचं नाही. तुला हवं असेल तर मी स्वतः येऊन करून देते, पैसे नको.

पहिलं गेट | ४ डिसेंबर, सकाळी ९.३०

खडेबाजारताई, डोळ्यांत पाणी आलं. पण रेघा आता पुष्कळ फिकट झाल्यात, मीच करेन. पीच करेक्टर लावून बघितला, काहीही झालं नाही.

पहिलं गेट | १२ डिसेंबर, रात्री ८.२०

लग्न झालं. उशीर झाला लिहायला, काल दिवसभर झोपले.

हळदीला मैत्रिणीच्या आईनं माझ्या तोंडाकडे कुणाचा हात येऊ दिला नाही. "अरशिण पायांना लावा, मुखाला नको" म्हणत स्वतः शेजारी उभ्या होत्या. पहाटे अज्जींनी साडी नेसवली. मी नऊवारी आमच्या पद्धतीनं नेसायचं शिकून गेले होते, काष्टा घालून. त्यांनी ते सगळं सोडवलं आणि त्यांच्या हातानं पुन्हा नेसवली, चिरलेली घडी निऱ्यांत आत घालून. त्यांची बोटं थरथरतात, पण निऱ्या एकसारख्या. पिना फक्त दोन, मणी घातलेल्या. मोरपंखी खण, ठुशी, बोरमाळ, केसांत आबोली. साज घातला नाही. रेघा जवळून बघितल्या तर दिसत होत्या, आणि मी त्यांच्यावर फार थर चढवला नाही.

अक्षता पडल्यावर अज्जींच्या थोरल्या बहीण लांबून आल्या. त्यांनी पदराचं टोक हातात धरलं, कसूतीच्या गोपुरावर अंगठा फिरवला आणि कानडीत अज्जींना काहीतरी म्हणाल्या. मैत्रिणीनं मला सांगितलं, त्या म्हणाल्या, आईच्या हातचं अजून आहे. मग दोघी बहिणी बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. जेवायला गव्हाची हुग्गी होती. मी पदर मांडीखाली दाबून जेवले.

शहापूरच्या काका, एक विचारायचंय. पदराच्या पांढऱ्या नक्षीवर हळदीचा रुपयाएवढा डाग पडलाय. कुणाच्या हाताचा ते कळलं नाही. काय करू?

शहापूरचा माग | १२ डिसेंबर, रात्री ९.०५

साबण लावू नकोस. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, आणि घाबरून लोक आणखी घासतात. नुसत्या गार पाण्यात भिजवलेलं कापड वरून टिपत राहा, खाली कोरडं कापड ठेवून. हळद उन्हानं उडते, पण त्या उन्हानं पदराचाही रंग उडेल. म्हणून सावलीतच, उजेडाच्या खिडकीत आठ-दहा दिवस. पुष्कळ फिकी होईल. घडी घालताना जुन्या रेघेवर घालू नकोस, चार बोटं सरकवून घाल आणि जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळ. प्लास्टिकची पिशवी नको.

पहिलं गेट | १३ डिसेंबर, सकाळी ७.४५

खिडकीत टाकलीय. बाबांचं जुनं धोतर धुऊन वाळत घातलंय. पुढच्या रविवारी साडी घेऊन चिकोडीला जाते, अज्जींनी त्यांच्या बहिणीलाही थांबवून ठेवलंय. कसूतीचा तो बिनगाठीचा टाका दोघी मिळून मला शिकवणार आहेत.